बहुरूप्याच्या चपला आणि तेहरानमधला लटका गुप्तहेर

माझ्या आजोळी सुगी आटोपली की बहुरूपी यायचा. एका वर्षी तो फौजदार होऊन आला. अंगात खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात काठी, बगलेत वही. ओट्यासमोर उभं राहून त्यानं आजोबांचं नाव पुकारलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला ठाण्यावर!" मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. धूम ठोकून माजघरात आजीच्या मागे लपले. आजी मात्र हसत हसत सूपभर ज्वारी घेऊन बाहेर निघाली होती. रात्री मी तिला विचारलं, "तुला कसं गं कळलं?" ती म्हणाली, "त्याच्या पायात नाही का बघितलंस? फौजदार कधी झिजलेल्या चपला घालून येतो होय?"

मॉक्युमेंटरी म्हणजे काय असं कुणी विचारलं की मला आधी त्या चपला आठवतात.

माहितीपटाचं सोंग घेतलेली कल्पित गोष्ट म्हणजे मॉक्युमेंटरी. माहितीपटाचा सगळा थाट तिच्यात असतो. हातात धरलेला, जरासा हलणारा कॅमेरा, खुर्चीत बसून बोलणारे 'जाणकार', त्यांच्या नावाची खालची पट्टी, जुनी छायाचित्रं, गंभीर आवाजातलं निवेदन. खोटा असतो तो फक्त आतला ऐवज. वेश खरा, माणूस सोंगाडी. बघणाऱ्याला सोंग ओळखू आलं तरच त्यातली गंमत लागते, म्हणून करणारा कुठेतरी चपला उघड्या ठेवतो. कधी ओळखीचा विनोदी नट घेतो, कधी एखादा दावा अतोनात ताणतो, कधी तारीखच १ एप्रिलची निवडतो. करणारा आणि बघणारा यांच्यात ही न बोलता ठरलेली बोली असते.

बघणारा दुसऱ्याच गावचा असला, फौजदार पायात काय घालतो हे त्याला ठाऊकच नसलं, तर काय होतं? याचं सगळ्यात बोलकं आणि सगळ्यात क्लेशदायक उत्तर इराणबाहेर राहणाऱ्या इराणी माणसांच्या अनुभवात सापडतं.

जून २००९. तेहरानमधलं एक कॉफीचं दुकान. टेबलाच्या एका बाजूला मझियार बहारी, तेहरानमध्ये जन्मलेला, कॅनडाचं नागरिकत्व घेतलेला, 'न्यूजवीक' साप्ताहिकासाठी काम करणारा पत्रकार. दुसऱ्या बाजूला 'द डेली शो' या अमेरिकी कार्यक्रमाचा जेसन जोन्स. हा कार्यक्रम बातमीपत्राचा वेश घालतो. निवेदक, मागे पडदा, 'आमचे प्रतिनिधी थेट तिथून' असा सगळा सरंजाम असतो आणि प्रत्यक्षात तो निखळ उपहास असतो. मॉक्युमेंटरीचं चुलत भावंडच म्हणा. जोन्सनं गळ्यात चौकडीचा अरबी रुमाल गुंडाळला होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता. इराणात पाऊल ठेवलं की चहूकडे खलनायकच भेटणार अशी ठाम समजूत असलेला, डोक्यानं मंद अमेरिकन 'हेर' तो वठवत होता. इतका भयंकर देश तुमचा, असं का, अशा धाटणीचे प्रश्न तो बहारींना विचारत होता. बहारी शांतपणे सांगत होते की दोन्ही देशांच्या लोकांत भेदांपेक्षा साम्यं जास्त आहेत. हसायचं होतं ते अमेरिकेच्या अज्ञानाला, इराणी माणसाला नव्हे. कार्यक्रम नेमानं बघणाऱ्या कोणाही अमेरिकन माणसाला हे पहिल्या पाच सेकंदांत कळलं असतं.

१२ जूनला इराणात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. निकालावर लोकांचा विश्वास बसला नाही, लाखो माणसं रस्त्यावर उतरली, धरपकड सुरू झाली. २१ जूनला भल्या सकाळी बहारींना त्यांच्या आईच्या घरातून उचललं आणि एविन तुरुंगात नेलं. चौकशी करणाऱ्याचा चेहरा त्यांना बघू दिला जात नसे. त्याच्या अंगाला गुलाबपाण्याचा वास यायचा, म्हणून बहारींनी मनातल्या मनात त्याचं नावच 'गुलाबपाणी' ठेवलं. एके दिवशी त्यांच्यासमोर जोन्सच्या मुलाखतीची ती चित्रफीत लावली गेली. हा अमेरिकन गुप्तहेरासारखा का नटला आहे, असा प्रश्न झाला. हा विनोदी कार्यक्रम आहे, तो हेर असल्याचं नाटक करतोय, असं बहारी सांगत राहिले. त्यावर विचारणा अशी, की रुमाल आणि काळा चष्मा घालून कॉफीच्या दुकानात बसण्यात विनोदी काय आहे?

या प्रश्नापाशी मी फार वेळ थांबले आहे. अमेरिकेतल्या प्रेक्षकाच्या दृष्टीनं तो रुमाल आणि चष्मा याच चपला होत्या. वेश इतका भडक की खरा हेर असा नटणारच नाही, हे त्यातून सांगायचं होतं. चौकशी करणाऱ्याच्या हाती मात्र तोच वेश पुरावा म्हणून लागला. खूण तीच, जागाही तीच, आणि तिचा अर्थ पार उलटा. खऱ्या हेराला टीव्हीवर कार्यक्रम करून काय मिळणार, हा साधा प्रश्न तिथे उपयोगी पडला नाही.

बहारी ११८ दिवस आत होते. त्यातला बराच काळ एकट्याच्या कोठडीत गेला, मारहाण झाली. बाहेर त्यांची जोडीदार गरोदर होती. १७ ऑक्टोबरला ते जामिनावर सुटले. एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी, कारण ऐकीव गोष्टींत ती निसटते. त्या विनोदी कार्यक्रमामुळे त्यांना अटक झाली असं नाही. त्या दिवसांत पत्रकार, राजकारणी, विद्यार्थी असे कितीतरी जण पकडले गेले. जोन्सनं ज्यांच्याशी गप्पा केल्या ते माजी उपाध्यक्ष मोहम्मद अली अब्ताही आणि माजी परराष्ट्रमंत्री इब्राहिम यझ्दी यांनाही अटक झाली, तीही त्यांच्या राजकारणामुळे. कार्यक्रम कारण नव्हता, तो चौकशीत वापरलेला दाखला होता. पण चेष्टेचा दाखला कोठडीत वापरता येतो, हेच मुळात समजून घ्यायला हवं.

चौकशी करणाऱ्याला खरंच कळलं नव्हतं, की त्याला कळून घ्यायचं नव्हतं? मला वाटतं, दोन्ही. आणि दुसऱ्या भागाला इतिहास आहे. १९ ऑगस्ट १९५३ रोजी इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसद्देक यांना पदच्युत केलं गेलं, आणि त्यामागे अमेरिकेची सीआयए आणि ब्रिटनची गुप्तहेर संस्था होती. ही अफवा नाही. २०१३ साली खुल्या झालेल्या सीआयएच्याच कागदपत्रांत तशी कबुली आहे. पुढे जानेवारी १९८० मध्ये तेहरानमध्ये लपलेल्या सहा अमेरिकी मुत्सद्द्यांना सीआयएनं देशाबाहेर काढलं, ते एका लटक्या सिनेमा कंपनीच्या आडून. हॉलिवूडमध्ये कार्यालय थाटलं, चित्रपटविषयक मासिकांत जाहिराती दिल्या, आणि ते सहा जण कॅनडाहून आलेले सिनेमावाले म्हणून विमानात बसले. कॅमेरा घेऊन आलेला परदेशी माणूस हेर असू शकतो, हा संशय इराणी यंत्रणेला स्वप्नात सुचलेला नाही. त्याचा फायदा घेऊन निरपराध माणसाला छळणं हा मात्र त्या यंत्रणेचा स्वतःचा अपराध आहे. इतिहासाकडे बोट दाखवून तो धुतला जात नाही.

या संशयाला सगळ्यात जास्त कोण हसलं असेल, तर खुद्द इराणी माणूस. इरज पेझेश्कझाद यांची 'दाई जान नापोलियन' ही कादंबरी १९७३ मध्ये आली आणि १९७६ मध्ये तिच्यावर टीव्ही मालिका झाली. फारसीत दाई म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा. हा मामा स्वतःला नेपोलियनच्या तोडीचा समजतो आणि घरात काहीही बिनसलं तरी त्यात इंग्रजांचा हात बघतो. 'काम इंग्रजांचंच' हा वाक्प्रचार इराणी बोलण्यात आजही याच मामाच्या आठवणीनं होतो. पेझेश्कझाद १९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतर देश सोडून गेले आणि २०२२ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये वारले. ज्या समाजानं स्वतःच्या संशयी स्वभावावर एवढं मनमुराद हसून घेतलं, त्याला 'विनोद कळत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे.

उलट इराणी दैनंदिन जगणं खुणा वाचण्यावर चालतं. तिथे 'तआरोफ' नावाची रीत आहे. टॅक्सीतून उतरताना भाडं किती झालं विचारा, चालक म्हणेल, काबेल नदारे. म्हणजे, तुमच्यापुढे याची ती काय किंमत, राहू द्या. तुम्ही आग्रह करायचा, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आणि मग पैसे द्यायचे-घ्यायचे. शब्द एक सांगतात, अर्थ दुसरा असतो, आणि तेहरानमधल्या लहान पोरालाही तो कळतो. नवखा परदेशी माणूस शब्दशः घेऊन 'धन्यवाद' म्हणत चालू लागला, तर चूक टॅक्सीवाल्याची नाही आणि त्या माणसाच्या बुद्धीचीही नाही. त्याला चपला कुठे बघायच्या हे माहीत नव्हतं, इतकंच.

खऱ्या-खोट्याची सरमिसळ करण्यातही इराणी सिनेमा मुरलेला आहे. अब्बास किआरोस्तमींनी १९९० च्या 'क्लोज-अप'मध्ये एक खरा खटला घेतला. एका गरीब माणसानं आपण प्रसिद्ध दिग्दर्शक मोहसेन मखमलबाफ आहोत असं सांगून एका कुटुंबाला फसवलं होतं. किआरोस्तमींनी त्याच माणसाला, त्याच कुटुंबाला आणि खऱ्या मखमलबाफना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. शेवटी तो माणूस आणि खरे मखमलबाफ भेटतात, तेव्हा ध्वनियंत्र बिघडल्यासारखं होतं आणि संवाद तुटक ऐकू येतो. तो बिघाड दिग्दर्शकानं मुद्दाम घडवलेला होता. जाफर पनाहींच्या १९९७ च्या 'आईना'मध्ये बसमध्ये अभिनय करणारी चिमुरडी मध्येच कॅमेऱ्याकडे बघते, मला आता काम करायचं नाही म्हणते आणि उतरून निघून जाते. आपल्याला वाटतं, पोरगी खरंच रुसली. तेही आधी ठरलेलं. असा सिनेमा बघत वाढलेल्या प्रेक्षकाला मॉक्युमेंटरी नवी नाही.

मग घोळ होतो कुठे? माझ्या समजुतीनं, विनोद घर सोडून परगावी जातो तिथे. देशाबाहेरच्या इराणी विनोदकाराला एकाच वेळी तीन जण बघत असतात. एक, नव्या देशाचे लोक, ज्यांना इराण फक्त बातम्यांतून ठाऊक आहे. दुसरे, त्याचे स्वतःचे लोक, म्हणजे लंडन, टोरांटो, लॉस एंजेलिसमधल्या मावश्या आणि काका, ज्यांना भीती असते की परके आपल्याला असंच समजून बसतील. आणि तिसरं, मागे राहिलेलं सरकार, ज्याच्या हाताच्या अंतरावर त्याचे आईवडील अजून राहतात. या तिघांना एकच खूण कळेल अशी चप्पल घडवणं महाकठीण आहे.

लंडनमध्ये जन्मलेला ओमिद जलिली यातून आपली वाट काढतो. रंगमंचावर येतो तो जाड मध्यपूर्वी उच्चारात अडखळत इंग्रजी बोलत. प्रेक्षक त्या उच्चाराला हसायला लागतात, आणि थोड्या वेळानं तो एकदम अस्सल लंडनी इंग्रजीत बोलू लागतो. म्हणजे आधी पूर्ण सोंग, मग स्वतःच पाय पुढे करून चपला दाखवायच्या. त्या क्षणी प्रेक्षकाला उमगतं की आपण एका माणसाला नाही, आपल्याच डोक्यातल्या चित्राला हसत होतो. मला हा विनोद फार प्रामाणिक वाटतो, कारण फसवणुकीचा शेवट तो तिथल्या तिथे करतो.

विनोदकार माझ जोब्रानी सहा वर्षांचा असताना तेहरानहून अमेरिकेत आला. नट झाल्यावर पडद्यावर त्याच्या वाट्याला दहशतवाद्याच्या भूमिका आल्या. पुढे त्यानं त्या घेणंच बंद केलं. २००२ साली अध्यक्ष बुश यांनी इराण, इराक आणि उत्तर कोरिया यांना 'दुष्टांचा अक्ष' म्हटलं होतं. जोब्रानी आणि मध्यपूर्वेत मुळं असलेले त्याचे तीन साथीदार यांनी तेच नाव आपल्या विनोदी दौऱ्याला दिलं. नावच इतकं उघड होतं की कुणाचा गैरसमज व्हायला जागा नव्हती.

शप्पी खोरसंदीच्या घरची गोष्ट इतकी हलकी नाही. तिचे वडील हादी खोरसंदी हे इराणातले नावाजलेले उपहासकार. क्रांतीनंतरच्या लेखनामुळे त्यांना परतीचा रस्ता राहिला नाही. लंडनमधून ते 'असगर आगा' हे उपहासात्मक पत्र काढत राहिले, आणि १९८० च्या दशकात त्यांच्या जिवावर बेतणारा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला. विनोदाला गंभीरपणे घेणं हा प्रकार त्या घरानं असा अनुभवला. त्याच घरातली मुलगी पुढे ब्रिटनमध्ये रंगमंचावर उभी राहून लोकांना हसवू लागली, याचं मला अतिशय कौतुक वाटतं.

आता कुणी म्हणेल, हे हुकूमशाहीत होतं, मोकळ्या देशांत नाही. १ एप्रिल १९५७ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' या गंभीर कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधली स्पॅगेटीची काढणी दाखवली होती. झाडांना लोंबणाऱ्या शेवया, त्या तोडून टोपल्यांत भरणाऱ्या बायका, आणि वर रिचर्ड डिम्बलबी यांचा भारदस्त आवाज. त्या काळी ब्रिटनमध्ये स्पॅगेटी घरोघरी खाल्ली जात नव्हती. झाड कसं लावायचं हे विचारायला लोकांनी बीबीसीला फोन केले. चप्पल फक्त तारखेत होती, आणि आवाजावर भरवसा एवढा की तारीख कुणी पाहिलीच नाही.

भरवशाइतकाच घात करतो तो आपला आधीचा ग्रह. २००९ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ३३२ जणांना स्टीफन कोल्बेअर या अमेरिकी विनोदकाराची चित्रफीत दाखवली. तो कट्टर उजव्या विचारांच्या टीव्ही निवेदकाचं सोंग काढत असे. सगळ्यांनाच तो सारखाच विनोदी वाटला. पण उजव्या विचारांच्या प्रेक्षकांचा कल असं मानण्याकडे होता, की हा विनोदाचं फक्त निमित्त करतोय, मनातून बोलतोय ते खरंच. हसू एक, समजूत दोन.

सप्टेंबर २०१२ मध्ये इराणच्या फार्स वृत्तसंस्थेचं हेच झालं. 'द ओनियन' या अमेरिकी उपहासपत्रानं थाप मारली होती की खेड्यांतल्या ७७ टक्के गोऱ्या अमेरिकनांना ओबामांपेक्षा इराणचे तेव्हाचे अध्यक्ष अहमदीनेजाद जवळचे वाटतात. फार्सनं ती थाप आपली बातमी म्हणून जशीच्या तशी छापली. चूक ध्यानात आल्यावर माफी मागितली, पण मतचाचणी खरोखर घेतली तर निकाल याहून फार वेगळा येणार नाही अशा अर्थाची पुस्तीही जोडली. ती पुस्तीच सगळं सांगते. आपल्याला हवं ते कुणी बोललं की आपण त्याच्या पायाकडे बघत नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे दर आठवड्याला पाहते, आणि तिथे कुणी फार्सचं नोकर नाही.

मोबाइलनं तर यात नवी अडचण आणली आहे. पूर्वी कार्यक्रम पूर्ण बघावा लागे. आता त्यातले चाळीस सेकंद कापून पुढे जातात. कापणारा नेमका कमरेपर्यंतचा फौजदार ठेवतो, पाय चौकटीबाहेर राहतात. म्हणून अशी चित्रफीत आली की मी आधी मूळ कार्यक्रम शोधते. कोणत्या वाहिनीचा, बोलणारा एरवी काय करतो, कापलेल्या तुकड्याच्या आधी आणि नंतर काय आहे, एवढं बघितलं तरी बहुतेक वेळा उलगडा होतो.

मस्करी, नक्कल, तमाशा. आपण हे शब्द अगदी घरचे म्हणून वापरतो आणि तिन्ही आपल्याकडे फारसीच्या वाटेनं आले. मस्करी तिकडच्या 'मस्खरे'तून आली, म्हणजे टवाळी. नक्कल म्हणजे आपल्याला हुबेहूब अनुकरण, तर तिकडचा 'नक्काल' हा कॉफीघरात लोकांपुढे 'शाहनामा' या फारसी महाकाव्यातल्या कथा साभिनय सांगणारा. आणि तमाशा हा शब्द आपण फडावरच्या खेळाला लावला, पण आजच्या फारसीत त्याचा अर्थ 'बघणं' असा आहे, आणि प्रेक्षकाला म्हणतात 'तमाशागर'. मॉक्युमेंटरीच्या बाबतीत मला हा तिकडचा अर्थ पटतो. तिथे निम्मा खेळ बघणाऱ्यानंच करायचा असतो.

बहारींच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. ज्या यंत्रणेनं विनोदाला पुरावा मानलं, तिनंच कोठडीतल्या बहारींना कॅमेऱ्यासमोर बसवून 'मुलाखत' घेतली. काय बोलायचं ते आधी ठरलेलं होतं. पाश्चात्त्य माध्यमं इराणात उलथापालथ घडवू पाहतात, अशा आशयाचं. समोर माणूस, प्रश्न, उत्तर, बातमीचा सगळा थाट. इराण सरकारच्या प्रेस टीव्ही या इंग्रजी वाहिनीनं ते दाखवलं. लटकी मुलाखत हीच होती, फक्त चपला झाकलेल्या होत्या, कारण इथे प्रेक्षकाला कळू द्यायचंच नव्हतं. ब्रिटनच्या प्रसारण नियामक संस्थेनं, ऑफकॉमनं, डिसेंबर २०११ मध्ये याबद्दल प्रेस टीव्हीला एक लाख पौंडांचा दंड केला. तो भरला गेला नाही. शिवाय वाहिनीचा कारभार लंडनच्या परवानाधारकाऐवजी तेहरानहून चालतो असंही दिसून आलं, आणि जानेवारी २०१२ मध्ये परवाना रद्द झाला. बहारींनी पुढे सक्तीच्या कबुलीजबाबांवर स्वतः माहितीपट केला.

बाहेरून पाहता दोन्ही चित्रफिती सारख्याच. एक माणूस बसलाय, दुसरा विचारतोय. पहिलीत विचारणारा स्वतःला मूर्ख ठरवत होता आणि उत्तर देणारा मोकळा होता. दुसरीत उत्तर देणाऱ्याला उठून जाता येत नव्हतं. मस्करी आणि खोटेपणा यांतला फरक मी तरी इथे शोधते. कॅमेऱ्याकडे बघून तो सापडत नाही.

'द डेली शो'चा निवेदक जॉन स्टुअर्ट याला ही गोष्ट स्वस्थ बसू देईना. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यानं कार्यक्रमातून काही आठवडे रजा घेतली आणि जॉर्डनमध्ये जाऊन बहारींच्या आठवणींवर चित्रपट केला. 'रोझवॉटर', म्हणजे गुलाबपाणी. तो २०१४ मध्ये आला. त्यात बहारींचं काम मेक्सिकोचा गेल गार्सिया बर्नाल यानं केलंय. आणि कॉफीच्या दुकानातला तो प्रसंग पुन्हा उभा करताना समोरच्या खुर्चीत बसला तो जेसन जोन्सच. तोच रुमाल, तोच काळा चष्मा, तेच प्रश्न. या वेळी तो हेराचं सोंग घेणाऱ्या स्वतःचं सोंग घेत होता.